दसऱ्याला घेतलेला टेम्पो, त्याचा घसारा आणि एक जुना हिशोब

वाचकाचे पत्र

नमस्कार. धायरीत माझा फरसाण आणि दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. मालकी एकटीची, जीएसटी नियमित पद्धतीने भरते. दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ ला, नवा छोटा टेम्पो घेतला. गाडी ६,२०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,११,६००. मागची बंद बॉडी भोसरीत बसवून घेतली, तिचे ८५,००० झाले. त्यातले २५,००० आगाऊ म्हणून रोख दिले, बाकीचे यूपीआयने. बॉडीवाल्याकडे जीएसटी नोंदणी नाही. आरटीओचा कर आणि नोंदणी ५३,२००, विमा ३४,५००. बँकेचे कर्ज ५,५०,०००, व्याज १० टक्के, ३६ हप्ते, दरमहा १७,७४७. कर्ज १ ऑक्टोबरला मिळाले, पहिला हप्ता १ नोव्हेंबरला गेला. पासिंग होऊन माल घेऊन पहिली फेरी १३ ऑक्टोबरला झाली.

आमचे हिशोबनीस म्हणतात, गाडी पिवळ्या पाटीची आहे, शिवाय रविवारी कधीमधी ओळखीच्यांचा माल भाड्याने नेतो, म्हणून घसारा ३० टक्के. माझे दीर एका कंपनीत अकाउंट्स बघतात. ते म्हणतात, आठ वर्षांत सारखा वाटून टाका. हप्ते तर मी खर्चातच लिहिते आहे. जुना टेम्पो जून २०१८ मध्ये ४,२०,००० ला घेतला होता, तेव्हा जीएसटी नोंदणी नव्हती. तो नोव्हेंबरमध्ये ९५,००० ला विकला. मागच्या रिटर्नमध्ये १५ टक्क्यांच्या गटाची शिल्लक ४,१२,००० दिसते, त्यात तळणीची यंत्रेही आहेत. घरची कारही धंद्याला वापरते, ती दाखवू का? नक्की किती घसारा धरायचा?

एक वाचक, धायरी

उत्तर

ताई, तुम्ही तारखा आणि रकमा सगळ्या दिल्यात, त्यामुळे शेवटच्या रुपयापर्यंत उत्तर देता येते. घसारा म्हणजे वापराने वस्तूची किंमत उतरते म्हणून तिचा दरवर्षी उत्पन्नातून वजा होणारा भाग. आधी त्याच्या दराचे बघू, कारण तिथे चूक झाली तर पुढचे सगळेच चुकते.

तुमच्या टेम्पोला १५ टक्केच दर लागतो. आयकराच्या तक्त्यात ३० टक्के आहेत ते भाड्याने चालवण्याच्या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या बस, लॉरी आणि टॅक्सीसाठी. पाटीचा रंग आरटीओच्या कामाचा. आयकर खाते बघते की गाडी कोणत्या धंद्यात राबते. तुमची गाडी तुमचेच फरसाण दुकानांत पोचवते, म्हणजे ती फरसाणाच्या धंद्यातली गाडी झाली. रविवारच्या चार फेऱ्यांनी तुम्ही वाहतूकदार होत नाही. तसे म्हणायचे तर भाड्याचा धंदा स्वतंत्र दिसला पाहिजे: नियमित गिऱ्हाइके, भाड्याची बिले, खात्यात जमा होणारे भाडे, गाडीचा बराचसा वेळ त्यात जाणे. जे थोडेफार भाडे मिळते ते उत्पन्नात मात्र दाखवा. ३० टक्के लावून रिटर्न भरले आणि तपासणीत पकडले गेले, तर वाढीव कर आणि व्याज भरावे लागतेच, शिवाय उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल त्या कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. घसारा ही पुढच्या वर्षीही मिळणारी वजावट आहे. ती घाईने उचलण्यासाठी एवढा धोका घेण्यात काही अर्थ नाही.

आता गाडीची किंमत किती धरायची. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि तुमच्याकडे तो चार ठिकाणी आहे.

पहिला जीएसटीचा. माल वाहणाऱ्या गाडीवरचा जीएसटी परत, म्हणजे इनपुट क्रेडिट म्हणून विक्रीवरच्या करातून वजा करायला, मिळतो. प्रवासी कारवर तो सहसा अडवलेला असतो, टेम्पोवर नाही. पण क्रेडिट घेतले तर ती रक्कम गाडीच्या किमतीत धरून तिच्यावर घसारा घेता येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १६(३) मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे: कराच्या रकमेवर घसारा घेतलात, तर क्रेडिट गेले. तुमच्या हिशोबनिसांनी वाहन खात्यात ७,३१,६०० टाकले असतील आणि जीएसटी रिटर्नमध्येही १,११,६०० उचलले असतील, तर ते आधी दुरुस्त करा. वाहन खात्यात ६,२०,००० आणि इनपुट क्रेडिटच्या खात्यात १,११,६००, अशी नोंद हवी. अजून क्रेडिट घेतलेच नसेल, तर २०२५-२६ च्या बिलाचे क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत घेता येते. वार्षिक रिटर्न त्याआधी भरले तर मुदत तिथेच संपते. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. पाकीटबंद फरसाणावर आता ५ टक्केच जीएसटी आहे, त्यामुळे एवढे क्रेडिट संपायला काही महिने लागतील. भांडवली वस्तूंवरच्या क्रेडिटचा रोख परतावा उलट्या दरांच्या (खरेदीवर जास्त आणि विक्रीवर कमी कर असल्याच्या) तरतुदीखाली मिळत नाही, त्यासाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका. ते खात्यात पडून राहील आणि विक्रीवरच्या करातून हळूहळू वळते होईल.

दुसरा गोंधळ बॉडीचा, आणि इथे तुमचे थोडे नुकसान झाले आहे. बंद बॉडी हा गाडीचाच भाग, म्हणून तिची रक्कम गाडीच्या किमतीत जाते. दुरुस्ती खर्चात नाही. पण आयकराचा नियम असा की मालमत्ता घेताना एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर तेवढी रक्कम किमतीत धरलीच जात नाही. २५,००० तुम्ही एकदम रोख दिलेत. त्यामुळे १०,००० च्या वरचे १५,००० नव्हे, तर पूर्ण २५,००० वगळायचे. त्यावर यंदाही घसारा नाही आणि पुढेही नाही. यूपीआयने दिलेले ६०,००० धरता येतात, कारण यूपीआय, आयएमपीएस, एनईएफटी, कार्ड ही सगळी मान्य साधने आहेत. भोसरी, चाकणकडचे बॉडीवाले, गॅरेजवाले, ताडपत्रीवाले आगाऊ रोखीनेच मागतात. पुढच्या वेळी तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवा. दुकानाच्या खात्यातून पाठवले तर नोंदही आपोआप तयार होते.

तिसरा, आरटीओचा कर आणि विमा. एकरकमी कर, नोंदणी शुल्क, बोजा चढवण्याचे शुल्क हे सगळे गाडी रस्त्यावर आणण्यासाठीचे, म्हणून किमतीत धरायचे: ५३,२००. विमा मात्र किमतीत नाही, तो त्या वर्षाचा खर्च. तोही पूर्ण ३४,५०० नव्हे. पॉलिसी ऑक्टोबर ते ऑक्टोबर आहे, म्हणून ३१ मार्चनंतरच्या सहा महिन्यांचा भाग आगाऊ दिलेला खर्च म्हणून ताळेबंदात ठेवा. डीलरच्या बिलात कधी कधी गाडी, विमा, कर, वाढीव वॉरंटी आणि हाताळणी अशी सगळी रक्कम एका बेरजेत असते आणि तीच 'ऑन रोड' किंमत म्हणून वाहन खात्यात चढते. फोड मागून घ्या, डीलर देतो.

चौथा, व्याज. कर्ज मिळाल्यापासून गाडी पहिल्यांदा वापरात येईपर्यंतचे व्याज खर्चात टाकता येत नाही, ते किमतीत मिळवावे लागते. कर्ज १ ऑक्टोबरला आले आणि गाडी १३ ला कामाला लागली, म्हणजे १२ दिवस. ऑक्टोबरचे व्याज ५,५०,००० वर १० टक्क्यांनी ४,५८३. त्याचे ३१ दिवसांत १२ दिवस, म्हणजे १,७७४ रुपये. रक्कम लहान आहे, पण चार महिने बॉडीत अडकलेल्या मोठ्या गाडीला हाच आकडा मोठा होतो, म्हणून सवय चांगली.

बेरीज करा: ६,२०,००० अधिक ५३,२०० अधिक ६०,००० अधिक १,७७४. टेम्पोची घसाऱ्यासाठीची किंमत ७,३४,९७४ रुपये. गाडीची किंमत १० लाखांच्या वर असती, तर डीलरने १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, घेतला असता. तो किमतीत धरायचा नसतो, आपल्या करात वळता करून घ्यायचा असतो. तुमच्या गाडीला तो लागू नाही.

यानंतर तारीख. दरवर्षी दसऱ्यानंतर हाच प्रश्न पुण्यात कितीतरी जणांना पडतो. मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर त्या वर्षी निम्माच दर मिळतो. दिवस मोजायचे ते वापर सुरू झाल्याच्या दिवसापासून. खरेदी, पूजा किंवा पेढे वाटले तो दिवस यात येत नाही. ३१ मार्चपासून मागे मोजा: ३ ऑक्टोबर २०२५ ला वापर सुरू झाला असता तर बरोबर १८० दिवस भरतात, ४ ऑक्टोबरला १७९. म्हणजे २ ऑक्टोबरच्या दसऱ्याला घेतलेली तयार गाडी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माल घेऊन निघाली असती, तर पूर्ण १५ टक्के मिळाले असते. तुम्हाला दसऱ्याला मिळाली ती बॉडी नसलेली चेसिस. तिच्यात फरसाणाचे डबे नेता येत नव्हते, पासिंगही व्हायचे होते. म्हणून 'गाडी तयार होती, फक्त चालवली नाही' असेही म्हणता येत नाही. १३ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत १७० दिवस होतात. दर निम्मा: साडेसात टक्के.

१३ तारखेचा पुरावा आत्ताच फाइलला लावा. त्या दिवशीचे डिलिव्हरी चलन, सीएनजी किंवा डिझेलची पावती, फास्टॅगची नोंद असेल तर ती, आणि आरसीची प्रत. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे तुमच्याकडे ते नसेल, चलन पुरते. आरसीवरची तारीख १३ च्या आधीची किंवा १३ चीच आहे ना, तेही बघून घ्या. नोंदणीच्या आधीची फेरी कागदावर दाखवली, तर घसाऱ्याबरोबर मोटार वाहन कायद्याचाही प्रश्न उभा राहतो.

मुहूर्तावर गाडी घेणाऱ्या बाकीच्यांसाठी इथेच सांगून ठेवतो. २०२६ मध्ये अधिक मास आल्यामुळे त्या वर्षीचा दसरा २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे त्या दिवशी घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी कोणत्याही परिस्थितीत निम्माच दर. पूर्ण हवा असेल तर १४ सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीला घ्या आणि ऑक्टोबर उजाडण्याआधी कामाला लावा. उलट बाजूनेही हा नियम चालतो. १९ मार्च २०२६ च्या पाडव्याला घेऊन त्याच दिवशी कामाला लावलेली गाडी ३१ मार्चपर्यंत जेमतेम १३ दिवस चालते, तरी तिला अर्ध्या वर्षाचा घसारा मिळतो. पाडव्याला नोंदवून एप्रिलमध्ये ताब्यात आलेल्या गाडीला त्या वर्षी काहीच मिळत नाही.

आता प्रत्यक्ष गणित. आयकरात घसारा एकेका वस्तूवर नसतो, सारख्या दराच्या वस्तूंचा गट धरतात. टेम्पो आणि तुमची तळणीची यंत्रे दोन्ही 'यंत्रे व संयंत्रे' या वर्गात १५ टक्क्यांची, म्हणून एकाच गटात बसतात. जुन्या टेम्पोची विक्रीची रक्कमही याच गटातून वजा होते.

गटाची १ एप्रिल २०२५ ची शिल्लक ४,१२,०००
वजा जुन्या टेम्पोची विक्री ९५,०००
राहिले ३,१७,०००, त्यावर पूर्ण १५ टक्के: ४७,५५०
नवा टेम्पो ७,३४,९७४, त्यावर साडेसात टक्के: ५५,१२३
यंदाचा एकूण घसारा: १,०२,६७३
३१ मार्च २०२६ ची गटाची शिल्लक: ९,४९,३०१

पुढच्या वर्षी नवे काही घेतले-विकले नाही, तर ९,४९,३०१ वर पूर्ण १५ टक्के, म्हणजे १,४२,३९५. यंदा निम्मा दर मिळाला म्हणून ५५,१२३ बुडाले असे होत नाही. ती रक्कम शिल्लक किमतीत राहते आणि पुढच्या वर्षांत उतरते. त्या दहा दिवसांसाठी तारीख मागे ओढण्याचा मोह कोणी घातला तरी ऐकू नका.

३० टक्क्यांचा निम्मा दर लावला असता तर नव्या टेम्पोवर १,१०,२४६ आले असते. तुमच्या हिशोबनिसांच्या कच्च्या पत्रकात हा किंवा याच्या आसपासचा आकडा दिसला, तर घोळ दरातच आहे हे ओळखा. याहून मोठा दिसला तर त्यात जीएसटी, विमा किंवा रोखीचे २५,००० शिरलेत का ते बघा.

एकट्याच्या मालकीत वही ठेवून धंदा असेल तर रिटर्न आयटीआर-३ मध्ये जाते, आणि वरची आकडेमोड त्यातल्या 'शेड्यूल डीपीएम' या तक्त्यात भरायची असते. १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या वस्तूंची तिथे स्वतंत्र ओळ आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी २०२५-२६ या वर्षाचा हिशोब १९६१ च्या जुन्याच कायद्याने करायचा आहे.

मागची एखादी वर्षे तुम्ही कलम ४४एडी खाली, म्हणजे उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून, रिटर्न भरले असेल, तर ४,१२,००० हा आकडा तपासून घ्या. त्या वर्षांत घसारा वेगळा मागता येत नाही, पण तो मिळालाच असे कायदा धरतो आणि शिल्लक किंमत तेवढी खाली येते. तीच गोष्ट 'यंदा नफा कमी, घसारा पुढच्या वर्षी घेऊ' या विचाराची. तुम्ही मागा अगर मागू नका, घसारा त्या वर्षीच उतरतो. लांबणीवर टाकण्याची सोय नाही.

हप्त्यांचे जे चालले आहे, ते आजच थांबवा. नोव्हेंबर ते मार्च पाच हप्ते गेले, ८८,७३५ रुपये. हे सगळे तुम्ही खर्चात लिहिले आहेत. त्यातले ६६,९२५ हे मुद्दल आहे, कर्जाची परतफेड. ते खर्चात धरून वर घसाराही धरला, तर गाडीची किंमत दोनदा वजा होते. खर्चात जाते फक्त व्याज. पाच हप्त्यांतले व्याज २१,८१०. त्यातून गाडीच्या किमतीत मिळवलेले १,७७४ काढा. मार्च महिन्याचे व्याज १ एप्रिलच्या हप्त्यात जाते, पण ते या वर्षाचे आहे, म्हणून ४,०२६ ची तरतूद करा. यंदाचा व्याजखर्च २४,०६२. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागवून घ्या. पहिल्या हप्त्यात १३,१६४ मुद्दल आणि ४,५८३ व्याज, अशी प्रत्येक महिन्याची फोड त्यात असते. बँकेने तुटक दिवसांचे व्याज वेगळे कापले असेल तर आकडे थोडे बदलतील, तेव्हा तक्त्यातलाच आकडा खरा धरा.

नोंदी अशा होतात. गाडी घेताना: वाहन खाते नावे, इनपुट जीएसटी खाते नावे, वाहन कर्ज खाते जमा, बँक खाते जमा. हप्ता जाताना: कर्ज खाते नावे मुद्दलाइतके, व्याज खाते नावे व्याजाइतके, बँक खाते जमा. वर्षअखेरीस: घसारा खाते नावे, वाहन खाते जमा. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाहनाचे लेजर, म्हणजे खाते, 'फिक्स्ड अ‍ॅसेट्स' खाली आणि कर्जाचे 'सिक्युअर्ड लोन्स' खाली आहे ना, ते उघडून बघा. हप्ते खर्चाच्या एखाद्या लेजरमध्ये पडले असतील तर पाचही व्हाउचर बदलावी लागतील.

दिरांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. कंपनी कायद्याच्या अनुसूची २ मध्ये अशा गाडीचे आयुष्य ८ वर्षे धरतात आणि ५ टक्के किंमत शेवटी राहील असे मानतात. त्या पद्धतीने तुमच्या टेम्पोचा वर्षाचा घसारा ८७,२७८ येतो आणि १७० दिवसांचा ४०,६५०. पण ते कंपनीच्या ताळेबंदासाठी. आयकरात कंपनीलाही वरचीच गटाची पद्धत वापरावी लागते. तुमचा व्यवसाय कंपनी नाही, तेव्हा वहीतही आयकराचाच दर ठेवा. दोन पद्धतींचे दोन आकडे सांभाळण्यात तुमच्या आकाराच्या धंद्याला काही मिळत नाही, आणि बँकेत कर्जासाठी गेल्यावर ताळेबंद आणि रिटर्न यांतला फरक समजावत बसावे लागते.

घरच्या कारबद्दल. दाखवता येते, पण धंद्याच्या वापराइतक्याच प्रमाणात. वर्षाला गाडी १५,००० किलोमीटर फिरली आणि त्यातले ६,००० मार्केट यार्ड, दुकाने, बँक यांसाठी असतील, तर ४० टक्के. घसारा, पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग सगळ्यांचे ४० टक्केच धरायचे. उरलेला घसारा रिटर्नमध्ये कलम ३८(२) खालची नामंजूर रक्कम म्हणून स्वतंत्र दाखवतात. कार तुमच्या वैयक्तिक नावावर आहे याची अडचण नाही, कारण एकटीच्या मालकीत तुम्ही आणि धंदा वेगळे नाहीत. नवऱ्याच्या नावावर असेल तर घसारा मागू नका. कारवरचा जीएसटी तुम्हाला परत मिळत नाही, म्हणून तो किमतीत धरता येतो. तिच्या दुरुस्ती आणि विम्यावरचा जीएसटीही मिळत नाही. आमचे मत असे की किलोमीटरची वही रोज लिहिणार असाल तरच कार आत घ्या. तारीख, कुठून कुठे, कशासाठी, मीटरचा आकडा, एवढ्या चार रकान्यांची वही पुरे. ती नसेल तर ४० टक्के कुठून आले याला उत्तर राहत नाही.

टेम्पोच्या पुढच्या खर्चाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी दोन ओळी. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, इंजिनाचे काम, अपघाताची दुरुस्ती हे त्या त्या वर्षाचे खर्च. सीएनजी किट नव्याने बसवले किंवा मोठी बॉडी घातली, तर ती रक्कम गटात मिळवून तिच्यावर घसारा. आणि बॅटरीवर चालणारी गाडी घेतलीत, तर तक्त्यात तिचा दर ४० टक्के आहे. ती १५ टक्क्यांच्या गटात टाकू नका, तिचा गट वेगळा.

राहिला जुना टेम्पो. त्याची वेगळी शिल्लक किंमत काढून ठेवा, ती जीएसटीसाठी लागते. जून २०१८ ला घेतलेली गाडी, पहिल्याच वर्षी पूर्ण दर. ४,२०,००० वरून दरवर्षी १५ टक्के उतरवत या: ३,५७,०००, मग ३,०३,४५०, २,५७,९३३, २,१९,२४३, १,८६,३५६, १,५८,४०३ आणि मार्च २०२५ अखेर १,३४,६४२. विक्री ९५,०००. वहीत ३९,६४२ तोटा दिसेल. हा तोटा आयकरात वेगळा वजा होत नाही, कारण गटातून फक्त विक्रीची रक्कम जाते आणि उरलेली किंमत पुढच्या घसाऱ्यातून मिळत राहते. नफातोटा पत्रकात तो लिहिला असेल, तर रिटर्न भरताना उत्पन्नात परत मिळवा. गटात यंत्रे शिल्लक आहेत, त्यामुळे भांडवली नफ्यातोट्याचा प्रश्न येत नाही.

जीएसटीत जुन्या गाडीच्या विक्रीवर जानेवारी २०२५ पासून फरकाच्या रकमेवर १८ टक्के कर आहे. फरक म्हणजे विक्रीची किंमत वजा आयकराप्रमाणे शिल्लक किंमत. तुमच्याकडे ९५,००० वजा १,३४,६४२, उत्तर शून्याखाली, म्हणून कर नाही. बिल मात्र करा. ही सवलत तुम्हाला मिळते ती जुन्या टेम्पोवर क्रेडिट घेतले नव्हते म्हणून. नव्या टेम्पोचे क्रेडिट तुम्ही घेणार आहात, तेव्हा तो विकताना ही फरकाची पद्धत मिळणार नाही. विक्रीच्या पूर्ण किमतीवरचा कर, किंवा घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला ५ टक्के वजा जाता उरलेली रक्कम, यांतले जे जास्त ते भरावे लागते. म्हणून नव्या गाडीचे मूळ बिल आणि क्रेडिट घेतलेल्या महिन्याचे रिटर्न जपून ठेवा. गिऱ्हाइकाशी किंमत ठरवताना हा कर आधी मोजा.

विकलेल्या टेम्पोचे फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जाऊन नवीन मालकाचे नाव आरसीवर चढले का, ते वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. चढले नसेल तर विकत घेणाऱ्याच्या मागे लागा. तोवर त्या गाडीची चलने आणि अपघाताची जबाबदारी तुमच्याच नावावर येऊ शकते.